वाडीत फोडणी बंद होती

मी नाकाने काम करते, असं माझा नवरा म्हणतो. तो महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. तिथल्या वासांनी त्याचं नाक कधीच मेलंय, त्यामुळे माझ्या नाकाची थट्टा करायचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण वाड्यांवर फिरणाऱ्या नर्सला डोळ्यांच्या आधी नाकच उपयोगी पडतं. उंबरठ्यावरच कळतं, घरात बाळंतीण आहे की दारुडा, जखम सुकतेय की नुसती झाकून ठेवलीय. माझं उपकेंद्र पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या अंगाला. रस्त्यावरची गावं मी मिनीडोर रिक्षाने करते आणि वरच्या वाड्या पायी, खांद्याला लसीचा निळा डबा अडकवून.

त्यातल्या एका वाडीच्या वाटेवर शेवटच्या वळणाला मोठा कातळ आहे. मोबाइलला रेंज मिळते ती फक्त त्या कातळावर, म्हणून सगळे त्याला टॉवर म्हणतात. वाडीच्या निम्म्या भानगडी आणि सगळी लग्नं त्या टॉवरवर उभं राहून जुळलेली आहेत. मी तिथे दम खायला थांबते. थांबलं की वरून वास येतो. लसणीच्या फोडणीचा, भाजलेल्या सुकटीचा, कुणाच्या तरी उतू गेलेल्या दुधाचा. मग पाय पुन्हा चालायला तयार होतात.

शिमगा होऊन थोडेच दिवस झाले होते. मुंबईकर अजून परतले नव्हते, म्हणजे घरोघरी माणसं जास्त, चुली जास्त, खाणंपिणं जास्त. जेवणाची वेळ होती. कातळावरून वर पाहिलं तर कौलांमधून धूर निघत होता, पण त्या धुराला नुसत्या लाकडाचा वास. मी बराच वेळ उभी राहिले. वारा खालून वर वाहत असेल, म्हणून पदर सोडून पाहिला. वारा वरूनच येत होता.

आमच्याकडे पोराच्या अंगावर गोवर उठला की त्याला कुणी आजार म्हणत नाही. बाया आल्या, म्हणतात. बाया म्हणजे देवी. ती पोराच्या अंगात उतरते, मुक्काम करते आणि तिच्या मर्जीने जाते. तोवर घरात फोडणी द्यायची नाही, तळायचं नाही, सुकट भाजायची नाही, कारण तेलाचा तडतडाट तिला सहन होत नाही. दाराला कडुलिंबाचे डहाळे लावायचे. औषधाचं नाव काढायचं नाही. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि एखाद्या घरात पाहिलंही होतं. पण एका घरात बाया आल्या तर एका घराची फोडणी बंद होते. सगळ्या वाडीची फोडणी बंद झालेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

गोवर देशातून घालवायचाच, असं दिल्लीत ठरलेलं आहे. त्यासाठी आम्हाला अलिबागला नेऊन पडद्यावर नकाशे दाखवले होते, रंगीत. सरकारला शिव्या देण्यात मी कुणाला हार जाणारी नाही. पगार उशिरा, कागद वेळेवर, ॲप रोज नवं. पण लसीच्या बाबतीत मी सरकारच्या बाजूने कुणाशीही भांडायला उभी राहते. मंत्र्याच्या नातवाला जी कुपी, तीच इथल्या नाचणी पिकवणाऱ्याच्या पोराला, आणि तीही फुकट. कुठल्या तरी लांबच्या कारखान्यातून ती थंडाव्यात निघते आणि अख्खा देश ओलांडून पोलादपूरला थंडच पोचते. समता म्हणतात ती मी डोळ्यांनी पाहिली असेल तर या कुपीतच. दिल्लीचं सरकार आमच्या डोंगरात दोनच वाटांनी येतं, एक टीव्हीतून आणि दुसरी माझ्या निळ्या डब्यातून. टीव्हीतलं रोज येतं. डब्यातलं महिन्यातून एकदा, तेही पावसात दरड आली नाही तर.

वाडीत आमची आशा आहे. आरोग्य विभागाने गावातलीच सून निवडून तिला आशाचं काम दिलेलं असतं. गरोदर बायका, लहान पोरं, ताप, खोकला, सगळ्यावर तिची नजर. ही बाई मला नेहमी कातळापर्यंत घ्यायला यायची. डबा माझ्या खांद्यावरून उतरवून स्वतःच्या खांद्याला लावायची आणि वर जाईपर्यंत वाडीच्या सगळ्या बातम्या सांगून मोकळी व्हायची. त्या दिवशी ती आली नाही. मी एकटीच चढले, तर देवळाच्या पायरीवर ती बसलेली. आशाच्या गणवेशाची साडी नव्हती नेसली, घरातलंच पातळ होतं.

आज पोरं नाहीत, खाली लग्नाला गेली आहेत, असं तिने मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. या बाईला खोटं बोलायचं वळणच नाही. बोलताना ती माझ्याकडे न बघता माझ्या चपलांकडे बघत होती. शिमग्यानंतर लगेच लग्न कुणाचं, असं मी विचारणार, तेवढ्यात मागच्या घरातून पोराचा खोकला आला. कोरडा, कुत्र्याच्या भुंकण्यासारखा. त्याला उत्तर दिल्यासारखा पलीकडच्या घरातून दुसरा आला. मी ओळीने दारं पाहत गेले. पहिल्या दाराला कडुलिंब, हिरवा. दुसऱ्या दाराला, तिसऱ्याही. ओळीच्या टोकाला आशाचं स्वतःचं घर. तिथले डहाळे मात्र वाळून तपकिरी झाले होते. म्हणजे सुरुवात तिथूनच झाली होती आणि तिलाही काही दिवस उलटले होते.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा समोर आला. मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. ती ऐकून घेत राहिली आणि माझी वाफ संपल्यावर तिने सगळं सांगितलं.

तिची धाकटी जाऊ मुंबईहून शिमग्याला आली होती, दोन वर्षांची मुलगी घेऊन. पोरीला येतानाच नाक गळत होतं. पालखी दारात आली त्या दिवशी पोर तापाने फणफणलेली, डोळे लाल. तरी तिला पालखीखालून काढली. दुसऱ्या दिवशी कानामागे पुरळ उठला आणि सासूने सांगितलं, बाया आल्या. मग वाडीतल्या बायका नारळ घेऊन दर्शनाला आल्या. घरात देवी उतरलीय म्हटल्यावर रिकाम्या हाताने आणि एकटं कोण येतं? आपापली पोरं घेऊन आल्या, एकेकाला त्या तापलेल्या पोरीच्या पायावर डोकं टेकवायला लावलं. बाहेरच्या माणसाला दार बंद, वाडीतल्या माणसाला सताड उघडं. गोवराला आणखी काय पाहिजे असतं?

तिला लस दिली नव्हती का, मी विचारलं.

तेव्हा जे उलगडलं ते आमच्याच मुलखात घडू शकतं. पोर नऊ महिन्यांची झाली तेव्हा जाऊ गणपतीला गावी आलेली. दरडीमुळे त्या महिन्यात माझा डबा वर आला नाही आणि ती तशीच परत गेली. मुंबईत आरोग्याचं विचारायला बाई घरी आली, तर ही ऐटीत म्हणाली, माझी जाऊ गावात आशा आहे, आमचं सगळं तीच बघते. बाई निश्चिंत होऊन पुढच्या खोलीकडे गेली. इकडे मी आशाला विचारलं होतं, तर ती तितक्याच ऐटीत म्हणाली होती, ती मुंबईची हो मॅडम, तिथे पावलापावलाला दवाखाने. मीही माझ्या रजिस्टरात पोरीच्या नावापुढे ‘मुंबई’ लिहिलं. मुंबई लिहिलं की आमच्याकडे पुढचा प्रश्न संपतो. एकीचा भरवसा गावावर आणि दुसरीचा शहरावर, आणि पोर दोन्हीकडून कोरी.

पोर कशी आहे, असं विचारल्यावर आशा रडायला लागली. दोन दिवस दूध घेत नाही, म्हणाली, डोळे उघडत नाही, छाती भात्यासारखी हलते. आत्तापर्यंत मला का कळवलं नाहीस, हे मी विचारलं नाही. उत्तर तिच्या घराच्या दारात उभं होतं.

तिची सासू. उंच, वाळकी, डोईवर पदर, हात दोन्ही बाजूंनी चौकटीला लावलेले. मी चपला देवळाजवळच काढल्या होत्या, हातपाय धुतले होते, तरी तिने मला अंगणाच्या कडेलाच थांबवलं. चारी वाटा तुडवून आलेलं माझं पाऊल, ते आत चालणार नाही. मी आधी गोड बोलले. मग कायद्याचं बोलले. मग आवाज चढवला आणि देवीचं काय ते बोलले, त्याचा परिणाम एवढाच झाला की शेजारच्या दारांमधून बायका बाहेर आल्या आणि तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. इतक्या बायका एकत्र आणि एवढी शांतता, मला तिची भीती वाटली. माझ्यामागे त्यांच्या घरातून पोरं खोकत होती आणि त्या मात्र माझ्याकडेच बघत होत्या, मीच काहीतरी घेऊन आले असल्यासारख्या.

मी अंगणाच्या कडेने घराच्या बगलेला जाऊन बसले. जाणार नाही, म्हटलं. घराची ती बाजू कुडाची होती, कारवीच्या काठ्या आणि वर शेणमाती. कान लावायची गरजच पडली नाही. आतला श्वास बाहेर ऐकू येत होता. भरभर, उथळ, प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीकसं कण्हणं. निमोनियाचा श्वास एकदा ऐकला की विसरता येत नाही. मी भिंतीच्या या बाजूला, पोर त्या बाजूला, मध्ये वीतभर माती. माझ्या डब्यात जीवनसत्त्व ‘अ’ची बाटली होती. गोवरात तेच पहिलं द्यायचं, डोळ्यांसाठी. ती बाटलीही सरकारचीच, फुकटच. मी ती हातात धरून बसले होते.

आतून मुंबईच्या सुनेचा आवाज आला, अगदी भिंतीजवळून. सासूला ऐकू जाऊ नये म्हणून ती कुजबुजत होती.

“सिस्टर, हिचं ब्रीदिंग एकदम फास्ट झालंय. मी काय करू?”

मी तिला सांगितलं, पोरीला उभी धर, छातीशी धर, डोकं वर ठेव. याउपर मला भिंतीतून काही करता येत नव्हतं. उन्हं कलायला लागली की डोंगर उतरणं अवघड, आणि उतरल्याशिवाय या पोरीला उद्याचा दिवस नव्हता, हे मला स्वच्छ दिसत होतं.

थोड्या वेळाने म्हातारी स्वतःच बगलेला आली. माझ्यापासून अंतर ठेवून दगडावर बसली. मला वाटलं, हाकलायला आली. पण ती बोलायला आली होती. तिचा थोरला मुलगा, आशाच्या नवऱ्याच्याही आधीचा. त्यालाही अशाच बाया आल्या होत्या. तेव्हा रस्ता नव्हता. तिने आणि नवऱ्याने डोली केली, चार माणसं लावली आणि त्याला खाली नेला. सावित्रीच्या काठापर्यंत दिवस गेला. उन्हात, धक्के खात. नदी ओलांडताना पोर बोलायचं थांबलं, पलीकडे उतरवला तेव्हा संपलेला होता. महाडचा दवाखाना त्यांनी पाहिलासुद्धा नाही. तिथूनच परत फिरले.

“मी नेला होता गो बाय,” ती म्हणाली. “हलवला आनि गेला. बाया कोपल्या. आता हिला मी हलवू देनार नाय.”

मी तिच्यावर रागावले होते, आणि तो राग एकाएकी कुठे ठेवावा ते मला कळेना. त्या दिवसांत तिचं खरंच होतं. गोवर झालेलं पोर दिवसभर उन्हातून नेणं म्हणजे त्याला मारणंच. हलवू नका, अंधारात ठेवा, थंड ठेवा, यापेक्षा शहाणा सल्ला तेव्हा या डोंगरात कुणी दिला नसता. जिथे सरकार पोचलं नाही तिथे माणसांनी त्या जागी देवी बसवली. आता इतक्या वर्षांनी सरकार डबा घेऊन चढून आलंय आणि म्हणतंय, सरका. देवी कशी सरकेल? तिच्यापायी या बाईचं एक पोर गेलेलं आहे.

मी तिला म्हटलं, आजी, आता खाली रस्ता आहे, गाडी येते, गाडीत ऑक्सिजन असतो. तिने मान हलवली, पण ती ऐकल्याची मान होती, पटल्याची नव्हे. आतलं कण्हणं मध्येच थांबलं. आम्ही दोघीही भिंतीकडे वळलो. ते पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा बारीक.

तेव्हा आशा उठली. तोवर ती देवळाच्या पायरीवरच होती. घराच्या पुढच्या दारात आता कुणी नव्हतं, तरी ती मागच्या दाराने आत गेली. आत दोघी जावांचं काहीतरी बोलणं झालं, ट्रंकेचा आवाज आला. बाहेर आली ती आशाची साडी नेसून. खांद्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली पोर, लुगड्याच्या गाठीत कडुलिंबाची डहाळी खोवलेली. मागे जाऊ, अनवाणी. म्हातारी धडपडत उठून वाटेत उभी राहिली. शेजारणी पुढे सरकल्या.

“आई, बाया असतील तर माझ्यासंगती येतील,” आशा म्हणाली. “मी त्यांना वाटेत टाकनार नाय. पन पोर गेली तर परत कोन आननार हाय?”

सासूसमोर तिने आवाज चढवलेला नव्हता. पण वाडीतल्या सगळ्यांसमोर विचारलं होतं आणि तेही बायांचं नाव घेऊन. म्हातारीने पोरीच्या लुगड्यातली डहाळी पाहिली. मग ती बाजूला झाली. हो म्हणाली नाही. आम्ही घरांच्या ओळीबाहेर पडलो तेव्हा मागे पाहिलं तर ती पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. वाडीच्या शिवेवर, जिथे शेंदूर लावलेला दगड आहे, तिथपर्यंत ती आली. कडुलिंबाच्या पानांनी आमच्या वाटेवर पाणी शिंपडत राहिली, तोंडाने पुटपुटत, बहुतेक बायांची माफी मागत. शिवेच्या पुढे तिने पाऊल टाकलं नाही.

टॉवरच्या कातळावर मी पोरीला पहिल्यांदा हातात घेतलं. गाडीसाठी फोन लावला, तो लागेपर्यंत जीवनसत्त्वाचा डोस तिच्या तोंडात थेंब थेंब सोडला. निम्मा ओघळला. मग पदराच्या सावलीत तिच्या पापण्या हलकेच उघडून पाहिल्या. उजवा डोळा लालभडक होता. डाव्या डोळ्याच्या बुबुळावर पेजेसारखी पांढरी साय धरली होती. मी पापणी मिटवली. आई समोरच होती, माझ्या तोंडाकडे बघत. आधी श्वास, मग बाकीचं, असं मी म्हटलं आणि उतरायला लागले.

वाट उतरताना आशाने पोरीला कुणाच्याही हातात दिली नाही. ती पुढे, मी मागे. मला फक्त तिच्या खांद्यावरचं ते डोकं दिसत होतं, दर पावलाला हलणारं. म्हातारीची गोष्ट माझ्या कानातून जात नव्हती. मध्ये ओढ्याचं कोरडं पात्र लागलं, ते ओलांडताना मी आशाला थांबवलं आणि पोरीच्या नाकाशी बोट धरलं. मला काय बघायचं होतं ते आशाला कळलं असावं. तीही थांबली.

उमरठच्या रस्त्याला गाडी उभी होती. ऑक्सिजन लागला. पोलादपूरला पाहून लगेच महाडला हलवली. हमरस्त्यावर वसाहतीच्या बसगाड्या पाळी सुटलेली माणसं घेऊन येत होत्या, मोटारसायकली दोन्ही बाजूंनी. आणि मग तो वास आला, रसायनांचा, घशात बसणारा, ज्याच्यावरून मी नवऱ्याशी आयुष्यभर भांडत आलेय. त्या दिवशी मला तो वास आला आणि रडू फुटलं, कारण तो आला म्हणजे महाड आलं.

पोर वाचली. हे लिहिताना मला अजूनही बरं वाटतं, म्हणून तेच आधी लिहिते. खाटेखाटेला ऑक्सिजनची नळी होती, इंजेक्शनं होती, रात्रंदिवस बघणारी माणसं होती, आणि या सगळ्याचं बिल कुणी दिलं नाही, कारण ते झालंच नाही. म्हातारीच्या काळात यातलं काही नव्हतं. कुणी मला म्हटलं की सरकारने काय केलं, तर मी त्याला या पोरीची छाती दाखवीन. डोळ्याचं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. उजवा राहील. डाव्यात आता नजर येणार नाही. काही दिवस आधी आणली असती तर, असं ते म्हणाले आणि वाक्य तसंच सोडलं. पोरीच्या आईने मला विचारलं, चष्म्याने होईल ना सिस्टर? मला तेव्हा वाटलं, जमीन दुभंगावी.

पोरीला खाली आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी तालुक्याहून पथक वर गेलं. कडुलिंब लावलेल्या दारांतूनच लस गेली, जीवनसत्त्व गेलं. बायका पोरं घेऊन बाहेर आल्या. कुणी हट्ट केला नाही. आणखी काही पोरं आजारी पडली, पण सगळी तरली. आशाशी मात्र वाडी पुढे कितीतरी दिवस तुटक वागली. एखादं पोर शिंकलं तरी माना आधी तिच्याकडे वळायच्या. बायांना शिवेबाहेर नेणारी ती. ती कातळावर मला घ्यायला यायला लागली, पूर्वीसारखी.

नंतरच्या बैठकीत आमच्या भागाचं कौतुक झालं. पडद्यावर तोच नकाशा होता आणि आमच्या तालुक्याचा रंग चांगला होता. गोवराने मृत्यू: निरंक. खोटं काहीच नव्हतं त्यात. मी उभी राहिले आणि म्हटलं, सर, एका मुलीचा डोळा गेलाय. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांनी खरंच हळहळ व्यक्त केली. मग म्हणाले, मॅडम, तो अपंगत्वाचा विषय, त्याचं खातं वेगळं. आणि पुढची स्लाइड आली. देशाने गोवर हटवायचं ठरवलंय ते बरोबर आहे आणि त्याला मरणं मोजावीच लागतात, हे मला कळतं. पण जिवंत राहिलेल्यांचं काय उणं झालं ते कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि उणं व्हायची पाळी बहुतेक वेळा डोंगराच्या वरच्या अंगालाच येते. मी खाली बसले. चहा आला, तो प्यायले.

यंदाच्या शिमग्यानंतर मी डबा घेऊन वर चढले. अलीकडे कातळावर थांबले की मी आधी नाक वर करते. वास येईपर्यंत पाऊल उचलत नाही. आला, लसणीचा, चांगला खरपूस. जिवात जीव आला. पोर आता आजीजवळच राहते. आई मुंबईत कामाला जाते, तिथे एका डोळ्याच्या पोरीला एकटी कुणाकडे ठेवायची, म्हणून. घरासमोर पोरं ओळीने बसली होती. आशा एकेकाला पुढे घेत होती आणि मी चमच्याने जीवनसत्त्व पाजत होते.

त्या पोरीची पाळी आली. मी तिच्या शेजारी उकिडवी बसले, चमचा पुढे केला आणि आ कर म्हटलं. तिने आ केला, पण समोरच्या मोकळ्या अंगणाकडे बघून. चमचा तसाच राहिला. मग ती कोंबडीसारखी मान वाकडी करून मला शोधायला लागली. मी चमचा आणखी जवळ नेला, तर तो तिच्या गालाला लागला आणि ती दचकली.

म्हातारी ओट्यावरून बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता.

“बाय, त्या अंगाला तू तिला दिसत नायस. हिकडं येऊन बस.”

मी उठले आणि पोरीच्या उजव्या अंगाला जाऊन बसले.